भैय्याजींच्या छातीचं ऑपरेशन

एकोणीसशे ब्याऐंशीची दिवाळी झाल्यावर एका दुपारी वर्ध्याहून आलेल्या एस.टी.तून भैय्याजी आणि प्रमिलाबाई केळझरच्या स्टँडवर उतरले, तेव्हा तिथं बसलेल्या सगळ्यांनी आधी भैय्याजींकडं पाहिलं. महिनाभरापूर्वी गावातून गेलेला हा किराणा दुकानदार चांगला भरल्या अंगाचा होता. आता त्याची दाढी वाढली होती, गाल बसले होते आणि सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. उतरताना पायरीवर त्यांचा पाय अडखळला. बायकोनं डाव्या हातानं दंड धरला नसता तर ते तिथंच पडले असते. प्रमिलाबाई मात्र अंगाभोवती शाल घट्ट गुंडाळून सरळ उभ्या होत्या.

"काय झालं जी, भैय्याजी?" नत्थूजींनी विचारलं. नत्थूजी म्हणजे भैय्याजींचे शेजारी. दोघांच्या घरांना एकच कुंपणभिंत. वावर ठेक्यानं दिलेलं असल्यामुळं त्यांच्याजवळ वेळ भरपूर असायचा आणि तो ते बहुतेक स्टँडवर घालवायचे.

भैय्याजींनी तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. त्यांची म्हातारी आई आनंदाबाई दोघांना घ्यायला आली होती. तीच बोलली.

"छातीचं ऑपरेशन झालं. आता काई इचारू नका बाप्पा. घरी जाऊ द्या."

वाक्य अगदी खरं होतं. कोणाच्या छातीचं, ते तिनं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. भैय्याजींकडं एकदा पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरतच नव्हतं.

ऑपरेशन झालं होतं ते प्रमिलाबाईंचं. उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. होळीपासून ती त्यांनी लपवून ठेवली होती. आधी उन्हाळ्याची कामं होती, मग पेरणीची गडबड, मग पोळा. पोळ्याच्या दिवशी पुरण वाटताना हात खांद्यातून दुखायला लागला तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन-तीन खेपा झाल्यावर डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर म्हणून सांगितलं. हा शब्द भैय्याजींनी तोपर्यंत मुंबई-नागपूरच्या लोकांसंबंधीच ऐकला होता. केळझरच्या माणसाला तो होऊ शकतो हे त्यांना नीट पटेपर्यंत ऑपरेशन होऊनही गेलं. मग वॉर्डाबाहेरच्या फरशीवर बसून त्यांनी दिवस काढले. अन्न गोड लागेना, झोप येईना. बायकोला निदान दवाखान्याची खिचडी मिळत होती.

स्टँडवर जे तोंडातून सहज निघालं, त्याचं आनंदाबाईंनी घरी आल्यावर धोरण केलं.

"मंदीचं लगन व्हाचं हाये," ती मुलाला म्हणाली. मंदी म्हणजे भैय्याजींची एकुलती एक मुलगी, नुकतीच मॅट्रिक झालेली. "मायले असा आजार निघाला म्हणून समजलं तं पोट्टीले कोण करून घेईन? अन् जागा बी अशी, का चारचौघात नाव घेता येत नाई."

"मंग मले काय झालं म्हणून सांगू?"

"तुले काय सांगा लागते? तू नुसता बस. लोकं पाहून घेतीन. बापाची छाती थोडीच पोट्टीले जाते?"

प्रमिलाबाईंना खरं तर सुटल्यासारखंच वाटलं. आता कोणी आपल्याला पाहायला येणार नाही, कोणाची नजर पदराखाली वळणार नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पण दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी एक काम मागं लावून दिलं होतं. या बाई बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या आणि बोलायला कडक होत्या. "हा हात वर गेला नाही तर आखडेल, सुजेल," त्या म्हणाल्या होत्या. "जड उचलायचं नाही, पण हात रोज चालवायचा." मग त्यांनी करून दाखवलं. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी कोळ्यासारखं भिंतीवर वर चढत जायचं. आढ्यावरून दोरी टाकून एका हातानं दुसरा हात वर ओढायचा. कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि गोल फिरवायचा. सकाळी चालायला जायचं. प्रमिलाबाईंनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. मान हलवणाऱ्या बायका डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात. त्या भैय्याजींकडं वळल्या.

"घरी गेल्यावर या हे करणार नाहीत. आधी घरातलं काम काढतील. म्हणून तुम्ही यांच्यासोबत करायचं."

"मी सांगीन न तिले रोज."

"सांगायचं नाही. करायचं. शेजारी उभं राहून, दोघांनी."

भैय्याजींनी हो म्हटलं, पण ते गोंधळून गेले. लग्नात बोहल्यावर उभे राहिल्यानंतर बायकोच्या शेजारी उभं राहून त्यांनी काहीच केलं नव्हतं. रस्त्यानं त्या मागं चालायच्या, एस.टी.त बायकांमध्ये बसायच्या आणि घरी सगळ्यांचं झाल्यावर जेवायच्या. त्यात कोणाचं काही चुकतं असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी दोघं आंगणात भिंतीसमोर उभे राहिले, तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, "तुमी तिकडं पाहा."

"तिकडं पाहून कसं करू? बाईनं सोबत कराले सांगतलं न."

शेवटी दोघांनीही नाकं भिंतीला लावली. प्रमिलाबाईंची बोटं खांद्यापर्यंत चढली आणि थांबली. त्यांनी ओठ दाताखाली धरला. भैय्याजींची बोटं कानाच्या थोडी वर गेली आणि तीही थांबली.

"तुमचं काऊन थांबलं?"

"जात नाई वो वरते."

"तुमचं तं काई कापलं नाई."

भैय्याजींनी टाचा उंच करून पाहिल्या. हात तिथंच. दुकानातली पोती नोकर उचलत, वरच्या फळीवरचे डबे नोकर काढत. आपला खांदा कधी गंजला हे त्यांना कळलंच नव्हतं. प्रमिलाबाईंना हसू आलं. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच हसल्या आणि टाके ताणले गेले म्हणून लगेच "आई गं" करून डोळे पुसत खाली बसल्या.

कुंपणभिंतीवरून नत्थूजींनी नेमकं एवढंच पाहिलं. भैय्याजींचा हात वर जात नाही आणि ते पाहून बायको खाली बसून डोळे पुसते. संध्याकाळपर्यंत गावात सगळ्यांना कळलं, की डॉक्टरानं भैय्याजीला व्यायाम दिला आहे, आणि नवऱ्याला एकट्याला लाज वाटू नये म्हणून प्रमिलाबाई त्याच्यासोबत हात वर करते. "अशी बाई पाहाले भेटत नाई," असं जो तो म्हणू लागला.

मग माणसं भेटायला यायला लागली. कोणी दूध आणायचं, कोणी संत्री, कोणी जवसाचे लाडू. भैय्याजी ओसरीत टांगलेल्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, पाठीशी उशी घेऊन बसायचे. आलेल्या प्रत्येकासाठी प्रमिलाबाई चहा ठेवायच्या आणि उजवा हात पदराखाली घेऊन डाव्या हातानं कपबशा आणून द्यायच्या. सुरुवातीला भैय्याजींना फार लाज वाटली. पण माणूस रोज कौतुकानं तब्येत विचारायला लागला की तब्येतीकडं आपलंही लक्ष जातं. "दुखते का?" म्हणून कोणी विचारलं की ते छातीवर हात ठेवायचे आणि "कधी कधी," म्हणायचे. संत्री सोलून ठेवलेली असायची. ती ते खायचे.

एका सकाळी ते अंथरुणातूनच म्हणाले, "आज मले बी जरासं थकल्यावानी वाटते. व्यायाम राहू दे."

प्रमिलाबाई दोरी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "तुमाले काय झालं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. भैय्याजींनी पांघरूण बाजूला केलं आणि ते उठले.

चालायला दोघं गणपतीच्या टेकडीच्या रस्त्यानं जायचे. दोनचार दिवस बरे गेले. शेजारी शेजारी चालायची सवय नसल्यामुळं एकमेकांचे पाय आड यायचे आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. मग आजाऱ्याला सोबत हवी म्हणून नत्थूजी यायला लागले आणि प्रमिलाबाई पुन्हा मागं गेल्या. पुढं नत्थूजी भैय्याजींना धीर देत चालायचे. छातीच्या आजारानं गेलेल्या आपल्या नात्यातल्या सगळ्या माणसांच्या हकिगती त्यांनी सांगितल्या. मागून येणाऱ्या प्रमिलाबाई त्या ऐकायच्या.

तेवढ्यात सेलूहून महादेवराव आले. ते कापसाचे व्यापारी. त्यांच्या मुलासाठी मंदीची बोलणी आधीपासून चालली होती. आजाराची बातमी ऐकून ते स्वतः पाहायला आले होते. आनंदाबाईंच्या हिशेबाप्रमाणं बापाच्या छातीचं त्यांना काहीच वाटलं नाही. उलट त्यांचं मन फारच द्रवलं.

"पुढच्या सालची वाट कायले पाहाची?" ते म्हणाले. "माघातच उरकून टाकू. भैय्याजींच्या डोळ्यांदेखत झालं पाह्यजे."

हे ऐकून भैय्याजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण मरणार नाही आहोत, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

लग्न असं एकाएकी जवळ आल्यावर घरात कामाचा डोंगर उभा राहिला. गहू निवडायचे, शेवया करायच्या, पापड लाटायचे, मसाले कुटायचे. आजारी माणसाला कोणी काम सांगत नाही, म्हणून भैय्याजींना कोणी सांगितलं नाही. आनंदाबाईंचं वय झालं होतं आणि मंदी नवरी होती. राहिल्या प्रमिलाबाई. सकाळचा व्यायाम कधी अर्ध्यावर तुटायला लागला, कधी राहूनच जायला लागला. हाताला सूज आली. उजव्या हातातल्या बांगड्या मनगटात रुतल्या आणि त्या फोडून काढाव्या लागल्या.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि मग भैय्याजींकडं पाहिलं.

"घरात पाणी कोण भरतं?"

घरातलं पाणी कोणीतरी भरत असतं, हे भैय्याजींच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते रांजणात असायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भैय्याजींनी पाण्याचा पितळी गुंड उचलला आणि ते विहिरीवर गेले. विहिरीवर पुरुषमाणूस एकटा कसा जाईल म्हणून, आणि दोराची गाठ त्यांना येत नव्हती म्हणूनही, प्रमिलाबाई सोबत गेल्या. हात पदरात गुंडाळून त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि कसं ओढायचं ते सांगायला लागल्या. भैय्याजींनी अर्धं पाणी विहिरीत सांडलं, अर्धं धोतरावर.

तिथं नत्थूजींची बायको मनकर्णाबाई पाणी भरत होती. जीभ तिखट, पण मनानं सरळ बाई. तिला ते पाहवलं नाही.

"काई लाजबीज हाये का वो, प्रमिला? त्या माणसाचे टाके वाळले नसतीन अजून, अन् तू त्याच्या हातानं पाणी काढून घेऊन राह्यली? वरतून हात गुंडाळून पाह्यत उभी?"

"मनकर्णावहिनी, मी माह्या मर्जीनं..." भैय्याजी बोलायला लागले.

"तुमी नका बोलू, भाऊ. तुमचा सभावच भोळा. म्हणून तं हे दिवस आले." तिनं त्यांच्या हातातून दोर हिसकून घेतला, गुंड भरला, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि भैय्याजींच्या घरापर्यंत नेऊन दिला. प्रमिलाबाई रिकाम्या हातानं मागं चालत आल्या. विहिरीवरच्या बायका त्यांच्याकडं पाहत होत्या. कालपर्यंत याच बाईचं उदाहरण त्या आपल्या सुनांना देत होत्या.

घरी येऊन प्रमिलाबाई सासूसमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या सासूसमोर अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"सासूबाई, हा आजार माहा हाये," त्या म्हणाल्या. "घरात माह्यं म्हणून दुसरं काई नाई. एवढा आजार तरी माह्यापाशी राहू द्या."

आनंदाबाई जात्याजवळ बसली होती, ती बसूनच राहिली. भैय्याजी ओसरीत ओलं धोतर पिळत होते. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं आणि संत्र्यांची टोपली आत नेऊन बायकोच्या पुढ्यात ठेवली. सोलून द्यायचं त्यांना सुचलं नाही, पण ठेवली.

दुसऱ्या दिवशी चालायला जाताना, प्रमिलाबाई थोड्या मागं आहेत असं पाहून, त्यांनी नत्थूजींना सांगून टाकलं.

"नत्थूजी, मले काईच झालं नाई. मले फकत शुगर हाये, ते बी वर्ध्यालेच निघाली. ऑपरेशन मंदीच्या मायचं झालं. कॅन्सर तिले हाये."

नत्थूजी चालता चालता थांबले. मग भैय्याजींच्या खांद्यावर हात ठेवून फार मऊ आवाजात म्हणाले, "हो बाप्पा. असन. तसंच असन."

दुपारी भैय्याजी दुकानात गेलेले पाहून नत्थूजी प्रमिलाबाईंकडं आले आणि ओसरीच्या काठावर अवघडून बसले.

"वहिनी, आमच्या मनकर्णानं तुमाले नाई नाई ते म्हटलं. तिच्या वतीनं मी माफी मांगाले आलो."

"असू द्या, भाऊ."

"भैय्याजीनं आज मले सांगतलं. त्याले तुमी असंच सांगतलं न, का आजार तुमाले हाये म्हणून?"

प्रमिलाबाई त्यांच्याकडं पाहतच राहिल्या.

"त्याले धक्का बसू नये म्हणून," नत्थूजींनीच पुढं सांगितलं. "आता समजलं मले, पाणी काऊन भराले लावता ते. त्याले शंका येऊ नये म्हणून. अन् लोकाइचं बोलणं सगळं तुमच्या अंगावर! नवऱ्याचा आजार आपल्या नावावर करून घेणारी बाई मी आजपर्यंत पाह्यली नाई, वहिनी."

"भाऊ, पण तो माहाच..."

"माह्यासमोर बी? नका सांगू, वहिनी, राहू द्या. माह्या तोंडातून हे कोठंच जाणार नाई."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

भैय्याजींना कॅन्सर आहे हे आता पक्कं झालं आणि ते बिचाऱ्या भैय्याजींनाच ठाऊक नाही हेही पक्कं झालं. त्यांनी पुढं दुकानात दोघातिघांना खरं सांगून पाहिलं. ऐकणाऱ्यांनी मान हलवली, पाणावल्या डोळ्यांनी गूळ-तेल घेतलं आणि ते निघून गेले. प्रमिलाबाईंचं नाव आधी होतं त्याहून मोठं झालं. मनकर्णाबाई येऊन त्यांच्या गळ्यात पडून रडली, तीही नेमकी उजव्या खांद्यावर. मग डोळे पुसून तिनं पदर खोचला, आळीतल्या चार बायका गोळा केल्या आणि लग्नाचे पापड, शेवया, मसाले सगळं अंगावर घेतलं. "तू हात लावू नको," ती प्रमिलाबाईंना म्हणाली. "तू त्याच्याजोळ राह्य. त्याचा व्यायाम चुकू देऊ नको."

अशा रीतीनं जे खरं सांगून मिळालं नसतं ते प्रमिलाबाईंना मिळालं. सकाळी पुन्हा दोघं भिंतीसमोर उभे राहायला लागले. आता भैय्याजींना कोणी उठवावं लागत नव्हतं. दोरी तेच बांधायचे, आणि बायकोची बोटं कालच्यापेक्षा वर गेली की स्वतःचं विसरून तिच्याकडंच पाहत उभे राहायचे. सूज उतरली. माघात मंदीचं लग्न लागलं तेव्हा भैय्याजींना महादेवरावांनी आग्रह करून खुर्चीत बसवलं. मंगलाष्टकं झाली आणि प्रमिलाबाईंनी उजव्या हातानं, पूर्ण हात वर करून, पुढच्या माणसांच्या डोक्यांवरून नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या. मांडवात सगळे नवरीकडं पाहत होते. भैय्याजी खुर्चीतून त्या हाताकडं पाहत होते. त्यांना रडू आवरेना, आणि अख्ख्या मांडवाला वाटलं, आता याला सगळं समजलं.

पुढं दीड-दोन वर्षं गेली. भैय्याजींना काही झालं नाही. ते डॉक्टरांच्या हुशारीमुळं, गणपतीच्या कृपेमुळं आणि प्रमिलाबाईंच्या पुण्याईमुळं, असं गाव आळीपाळीनं म्हणायचं. एका दुपारी मनकर्णाबाई आली. आज ती चहाला नको म्हणाली. बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली.

"प्रमिला, भैय्याजीले पह्यले काय झालतं वो? गाठ होती का?"

प्रमिलाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "कोणाले हाये?"

मनकर्णाबाईनं पदर छातीशी घट्ट धरला. प्रमिलाबाई उठल्या, दार लावलं, कडी घातली आणि तिच्यासमोर येऊन चोळीची गाठ सोडली.

मनकर्णाबाईनं पाहिलं. मग ती भिंतीला टेकली.

"म्हंजे भैय्याजी..."

"त्याइले शुगर हाये."

"अन् मी तुले त्या दिवशी विहिरीवर..." मग तिला रागच आला. "मंग तू काऊन सांगतलं नाई कोणाले?"

"सांगतलं न. तुह्या नवऱ्याले," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाई एकदम हसायला लागली. हसता हसताच रडली. तेव्हा प्रमिलाबाईंनी तिला जवळ घेतलं.

दुसऱ्याच दिवशी चौघं वर्ध्याला गेले. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. ऑपरेशन झालं, आणि सोडायच्या दिवशी त्यांनी नत्थूजींना बाजूला घेऊन तेच सांगितलं: सांगायचं नाही, सोबत करायचं. नत्थूजी या सगळ्यात इतके खचले होते, की स्टँडवर उतरल्यावर त्यांचीच अवस्था पाहून लोक गोळा झाले. "काय झालं जी?" कोणीतरी विचारलं. खरं सांगायचं असं ते एस.टी.त ठरवून आले होते. पण समोर इतकी माणसं, आणि मनकर्णाबाईनं शालीचं टोक घट्ट आवळून धरलेलं. "छातीत थोडंसं..." एवढंच ते म्हणाले.

बाकीचं गावानं जुळवलं. दोन वर्षं रोज सकाळी हा माणूस भैय्याजीसोबत चालत होता. त्याचंच याला लागलं. काही दिवस लोक दुकानात लांबूनच बोलायचे आणि सुटे पैसे ओट्यावर ठेवून मागं सरकायचे. भैय्याजींना याचं फार वाईट वाटलं. पण स्वतः तेच केलेलं असल्यामुळं नत्थूजींना बोलून दाखवायची त्यांना सोय नव्हती.

मनकर्णाबाई व्यायामाला प्रमिलाबाईंच्याच आंगणात यायची. नत्थूजीही यायचे, आधी ओढून आणावं लागायचं. चौघं ओळीनं भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. प्रमिलाबाई मधे असायच्या आणि कोण चुकतं ते सांगायच्या. मनकर्णाबाई नवऱ्याला ओरडायची, नत्थूजी भैय्याजींना हसायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थबकायची. दोन आजारी पुरुष आणि त्यांच्यासाठी हात वर करणाऱ्या दोन बाया पाहून हळहळायची आणि पुढं जायची. टेकडीच्या रस्त्यानं जाताना आता बाया पुढं असायच्या, कारण त्यांचं बोलणं संपत नसे.

मनकर्णाबाईची गाठ उशिरा सापडली होती. दोन पावसाळे तिनं चांगले काढले. मग आजार हाडात उतरला. शेवटी शेवटी तिला भिंतीसमोर उभं राहता येत नव्हतं, तेव्हा प्रमिलाबाई तिच्या बाजेशी बसून तिचा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि हळूहळू वर-खाली करायच्या. सत्त्याऐंशीच्या श्रावणात ती गेली.

गाव बसायला आलं. "आपलं आयुष्य नवऱ्याले देऊन गेली," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. बघता बघता प्रत्येकाच्या तोंडी तेच झालं. नत्थूजी सतरंजीवर बसले होते. ते एकदम ताठ झाले, त्यांनी तोंड उघडलं आणि समोर बसलेल्या भैय्याजींकडं पाहिलं. भैय्याजींनी मान खाली घातली. नत्थूजींनी तोंड मिटलं. कोणीतरी त्यांना पाणी आणून दिलं.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या सकाळी भैय्याजी दोरी बांधत होते, तेव्हा आंगणाचं फाटक वाजलं. नत्थूजी उभे होते.

"काऊन जी?" भैय्याजींच्या तोंडून निघून गेलं.

"घरी बसवत नाई," नत्थूजी म्हणाले. "हात आपोआप वर जाते."

प्रमिलाबाई भिंतीसमोरून थोड्या सरकल्या आणि त्यांना जागा करून दिली. तिघांनी बोटं भिंतीवर टेकवली. थोड्या वेळानं रस्त्यावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "नत्थूजी, तब्येत सुधरून राह्यली बरं तुमची!"

नत्थूजी भिंतीकडं तोंड करूनच "हो जी" म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले होते.

"खांदे सैल सोडा, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बोटं चालू द्या."